ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे : पाणी कधी लागतं, कधी नाही, आणि कुठलं

चिखली : गेल्या हिवाळ्यात आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, धाप लागली म्हणून जवळच्या एका खासगी दवाखान्यात भरती केलं. माणसाचं उभं आयुष्य फाउंड्रीत भट्टीसमोर गेलेलं, त्यात बिडीची सवय. फुप्फुसं आधीच थकलेली. नाकाला नळी लावली, भिंतीवरच्या मीटरवर दोन लिटरनं ऑक्सिजन सुरू झाला. मीटरच्या खाली पाण्याची प्लास्टिकची बाटली आणि तिच्यात सारखे बुडबुडे.

रात्री पेशंटजवळ मी होतो. दोनच्या सुमाराला बघतो तर बाटलीतलं पाणी तळाला गेलेलं आणि बुडबुडे बंद. काळजात धस्स झालं. वाटलं, ऑक्सिजन बंद पडला. सिस्टर एकटीच, पलीकडच्या वॉर्डात अडकलेली. शेजारच्या खाटेवरचे पाहुणे म्हणाले, "अहो, पाणी संपलंय, भरा की. आम्ही पण भरतो." मी बाटली फिरवून काढली, व्हरांड्यातल्या जारचं पाणी ओतलं, परत लावली. बुडबुडे सुरू झाले आणि जीव भांड्यात पडला.

सकाळी सिस्टरनं बाटली बघितली. "दादा, हे पाणी कुणी भरलं?" मी सांगितलं. तिनं बाटली काढून नेली आणि नवी लावलीच नाही. नळी सरळ मीटरच्या तोंडाला जोडून टाकली. मी घाबरून विचारलं, "अहो, पाण्याशिवाय कसं?" ती म्हणाली, "दोन लिटरला पाण्याची गरज नाही. रात्री पण नव्हती. तुम्ही बाटली उघडली तेवढा वेळ मात्र तात्यांचा ऑक्सिजन बंद होता."

म्हणजे ऑक्सिजन बंद पडलाच नव्हता. तो बंद पाडला मी. आणि वर जारचं पाणी घातलं ते वेगळंच.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला. डॉक्टरांना विचारलं, सिस्टर लोकांना विचारलं, जमेल तेवढं वाचलं. आपल्या भागात चिखली, तळवडे, मोशी, चाकण पट्ट्यात घरटी कुणी ना कुणी धापेचा पेशंट आहे. कोरोनानंतर कित्येक घरांत ऑक्सिजनचं मशीन आलं. पण त्या बाटलीतल्या पाण्याचं नेमकं काय करायचं, हे सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून हा लेख.

ऑक्सिजन कोरडा का असतो?

आपल्या चाकण एमआयडीसीत ऑक्सिजनचे मोठे प्लांट आहेत. आयनॉक्स, तायो निप्पॉन ही नावं २०२१ मध्ये सगळ्यांना पाठ झाली होती. ३० मार्च २०२१ ला राज्य सरकारनं आदेश काढला, की तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी ८० टक्के दवाखान्यांना आणि २० टक्केच उद्योगाला द्यायचा. पुढं एप्रिलमध्ये तर जवळपास सगळाच दवाखान्याकडं वळवला. त्या दिवसांत चाकणहून निघणाऱ्या टँकरकडं सगळ्यांचे डोळे लागलेले असायचे.

त्या प्लांटमध्ये ऑक्सिजन बनतो तो आपल्या साध्या हवेतूनच. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. हवा आत ओढून दाबतात आणि उणे १८० अंशांच्याही खाली थंड करतात, म्हणजे ती पातळ होते. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो, नायट्रोजन उणे १९६ ला. या फरकावर दोघं वेगळे केले जातात. पण हवा इतकी थंड करण्याआधी तिच्यातली वाफ काढून टाकावीच लागते. राहिली तर तिचा बर्फ होऊन प्लांटच्या नळ्या तुंबतील. म्हणून हवा आधी ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या थरातून नेतात. तिथंच पाण्याचा अंश संपतो.

मोठ्या हॉस्पिटलच्या मागं पांढरी उभी टाकी असते आणि तिच्या शेजारी बर्फ चढलेले पट्टीपट्टीचे पाइप. लोकांना वाटतं, बर्फ आहे म्हणजे आत ओल असणार. तो बर्फ बाहेरच्या हवेतल्या वाफेचा. आतला पातळ ऑक्सिजन त्या पाइपात गरम होऊन वायू होतो, एका लिटरचे साधारण ८६० लिटर, आणि तो ठणठणीत कोरडा असतो.

सिलिंडरचंही तेच. घरच्या मशीनमध्ये, म्हणजे कॉन्सन्ट्रेटरमध्ये, झिओलाइट नावाचे दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि बरीचशी ओलही. त्यामुळं त्यातून येणारा ऑक्सिजनही कोरडाच. दवाखान्यातली पाण्याची बाटली आली ती या कोरडेपणावर उपाय म्हणून.

नाक हेच पहिलं मशीन

आता शरीराची बाजू बघू. फुप्फुसाला हवा लागते ती ३७ अंश गरम आणि वाफेनं पूर्ण भरलेली. अशा एक लिटर हवेत ४४ मिलिग्रॅम पाणी असतं. हे काम कोण करतं? नाक, घसा आणि श्वासनळी. नाकातल्या ओल्या त्वचेवरून जाताना हवा गरम होते, ओली होते. खाली छातीत श्वासनळीला दोन फाटे फुटतात, त्याच्या थोडं पुढं जाईपर्यंत हवा पूर्ण तयार झालेली असते. श्वास सोडताना नाक त्यातली थोडी वाफ परत धरून ठेवतं. तरी धडधाकट माणसाचं दिवसाला पाव लिटरहून जास्त पाणी श्वासावाटे जातं.

ही ओल कशासाठी? श्वासनळीच्या आतून चिकट पातळ थर असतो आणि त्याखाली बारीक केसांसारखे धागे. धूळ, जंतू त्या थरात चिकटतात आणि ते धागे त्यांना सारखं वर ढकलत राहतात. भाजी मंडईतल्या सरकत्या पट्ट्यासारखं काम. ओल कमी झाली की थर घट्ट होतो आणि पट्टा थांबतो. कफ सुटत नाही, आत साचतो, त्यात जंतू वाढतात. चैत्रातल्या उन्हात ओठ फुटतात तसं आत व्हायला लागतं. भट्टी, ग्राइंडिंग, रंगकाम असल्या कामांत आयुष्य गेलेल्या माणसाचा हा पट्टा आधीच कुरकुरत असतो.

म्हणजे ओल हवी, यात शंका नाही. ती बाटलीतूनच आली पाहिजे का, एवढाच प्रश्न आहे.

दोन लिटरला पाणी का लागत नाही

याचा हिशोब सोपा आहे. तात्यांना मिनिटाला दोन लिटर कोरडा ऑक्सिजन मिळत होता. पण माणूस श्वास आत ओढतो त्या क्षणी हवेचा वेग मिनिटाला वीस-तीस लिटरच्या घरात असतो. म्हणजे नळीतला ऑक्सिजन थोडा आणि बाकीची हवा खोलीतलीच. त्या हवेत तिची स्वतःची ओल असते. राहिलेलं काम नाक करतं.

दोन लिटर पूर्ण कोरडा ऑक्सिजन ओला करायला शरीराला तासाला किती पाणी लागेल? दोन गुणिले ६० मिनिटं गुणिले ४४ मिलिग्रॅम. साधारण पाच ग्रॅम, म्हणजे तासाला एक छोटा चमचा. एवढं नाक सहज देतं.

म्हणूनच ब्रिटनच्या छातीरोग डॉक्टरांच्या संघटनेनं, ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीनं, २०१७ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय, की कमी प्रवाहाच्या ऑक्सिजनला ओलावा देण्याची गरज नाही. बुडबुड्याच्या बाटल्यांनी पेशंटला लक्षात येण्यासारखा फायदा होतो याचा पुरावा नाही आणि संसर्गाचा धोका मात्र आहे, म्हणून त्या वापरू नयेत, असंही त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये लहान मुलांच्या ऑक्सिजन उपचारावर पुस्तिका काढली. तिच्यातही नाकाच्या नळीनं कमी प्रवाह चालू असेल तर ओलाव्याची गरज नाही, असंच सांगितलंय. मोठ्या माणसाला नाकाच्या नळीनं चार लिटरपर्यंत बाटली नसली तरी चालते, असा साधारण नियम डॉक्टर लोक धरतात.

आणखी एक गोष्ट. ही बाटली थंड असते. खोलीत २५ अंश असतील तर एक लिटर हवेत जास्तीत जास्त २३ मिलिग्रॅम वाफ मावते. फुप्फुसाला हवी ४४. म्हणजे बाटलीनं कितीही बुडबुडे काढले तरी गरजेच्या निम्मीच ओल मिळणार. उरलेली नाकालाच द्यावी लागते. बुडबुड्यांचा आवाज मोठा, काम लहान, असा हा प्रकार आहे.

तरीपण काही पेशंटचं नाक कोरडं पडतं, आत खपली धरते, थोडं रक्त येतं. अशा वेळी डॉक्टर बाटली लावायला सांगू शकतात, किंवा नाकात सलाइनचे थेंब देतात. त्यांनी सांगितलं तर लावायची. फक्त "बाटली नाही म्हणजे उपचार अर्धवट" असं समजून सिस्टरशी भांडायचं नाही. मी तेच करणार होतो.

पाण्याशिवाय चालतच नाही, असे पेशंट

आता दुसरी बाजू. वरचं वाचून कुणी "ओलावा हे थोतांड आहे" असं समजू नका. काही पेशंटना ओलावा मिळाला नाही तर जिवावर बेततं.

पहिले, ज्यांच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली असते ते. याला ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात. अपघातात डोक्याला मार लागून बरेच दिवस आयसीयूत राहिलेले, घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले असे पेशंट आपल्याकडंही घरी आणले जातात. यांचा श्वास नाकातून जातच नाही, थेट गळ्यातून छातीत जातो. नाकाचं मशीन बाजूला पडलं. कोरडी हवा सरळ आत. कफ डिंकासारखा घट्ट होतो आणि नळीच तुंबते. तुंबली तर काही मिनिटांत माणूस जातो. अशा पेशंटला ओलावा चोवीस तास लागतो. नळीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, माणूस एकदम अस्वस्थ झाला, सक्शनची नळी आत जाईना, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

दुसरे, व्हेंटिलेटरवरचे. तोंडातून श्वासनळीत नळी घातलेली असते, नाक इथंही बाजूला पडलेलं. यांना दोन प्रकारे ओल देतात. एक, गरम पाण्याचा ह्युमिडिफायर. खाली तवा असतो, त्यावर पाण्याचं भांडं, त्यातली गरम वाफ घेऊन हवा पेशंटकडं जाते. दुसरा, नळीच्या तोंडाशी बसणारा लहान डबीसारखा फिल्टर. तो सोडलेल्या श्वासातली ऊब आणि ओल धरून ठेवतो आणि पुढच्या श्वासाला परत देतो. डॉक्टर त्याला कृत्रिम नाक म्हणतात. दोन्ही एकत्र वापरत नाहीत, कारण ओला झालेला फिल्टर श्वासाला अडथळा करतो.

तिसरे, मोठ्या प्रवाहावरचे. कोरोनात "हाय फ्लो" हा शब्द घराघरात पोचला. यात नाकावाटे मिनिटाला साठ लिटरपर्यंत हवा आणि ऑक्सिजन दिला जातो. एवढा कोरडा वारा नाकात सोडला तर कुणी सहन करू शकणार नाही. म्हणून त्या मशीनमध्ये गरम ओलाव्याची सोय असतेच. नळीत वाफेचं पाणी साचतं. ते पेशंटच्या दिशेला उतरू द्यायचं नसतं, पण ते बघायचं काम सिस्टरचं. आपण फक्त दाखवायचं.

मास्कवर दहा-पंधरा लिटर चालू असेल तर काय? पंधरा लिटरला वरचाच हिशोब लावा. तासाला ९०० लिटर, पाणी साधारण ४० ग्रॅम, म्हणजे आठ छोटे चमचे. काही वेळापुरतं असेल तर शरीर भागवतं. ॲम्ब्युलन्समध्ये, कॅज्युअल्टीत म्हणून पाण्याशिवाय देतात. पण दिवसच्या दिवस जास्त प्रवाह चालला, पेशंटचा घसा सुकला, कफ घट्ट झाला तर ओलाव्याचा विचार करावा लागतो. तो निर्णय डॉक्टरचा.

पाणी घाण असेल तर

माझी खरी चूक इथं होती. जारचं पाणी दिसायला काचेसारखं. पिऊन कुणी आजारी पडत नाही, मग बाटलीत घातलं तर काय बिघडलं?

आपण पितो ते पाणी पोटात जातं. तिथं आम्ल आहे, बरेच जंतू तिथं मरतात. बाटलीतलं पाणी फुप्फुसाच्या वाटेवर असतं. नुसत्या वाफेबरोबर जंतू जात नाहीत. पण प्रवाह जोरात असला की बुडबुडे फुटताना पाण्याचे अतिबारीक तुषार उडतात आणि जंतू त्या तुषारांवर बसून जातात. आधीच खंगलेल्या फुप्फुसाला तेवढं पुरतं. स्युडोमोनास, लिजिओनेला असे पाण्यात वाढणारे जंतू अशा बाटल्यांत सापडल्याच्या नोंदी जगभरात आहेत.

शेतकऱ्याला हे समजायला वेळ लागू नये. फवारणीच्या पंपाची टाकी न धुता चार दिवस सावलीत ठेवा आणि आतून बोट फिरवा. बुळबुळीत हाताला लागतं. ठिबकच्या नळ्यांत पण तोच बुळबुळीत थर बसतो, म्हणून आपण त्या धुऊन काढतो. दवाखान्याची खोली उबदार, बाटलीत साचलेलं पाणी, त्यात आदल्या दिवसाचं शिल्लक ठेवून वरून नवीन ओतलेलं. तोच थर तिथं धरतो. वरून भर घालत राहणं ही म्हणूनच सगळ्यात वाईट सवय. जुनं पूर्ण फेकायचं, बाटली धुवायची, मगच नवीन भरायचं.

२०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसची, लोकांच्या भाषेत काळ्या बुरशीची, लाट आली. देशात सर्वाधिक पेशंट गुजरात आणि महाराष्ट्रात होते. मे महिन्यात केंद्रानं राज्यांना सांगितलं, की हा आजार नोंद करण्याचा आजार म्हणून जाहीर करा. कित्येकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. त्या वेळी बोट याही बाटलीकडं दाखवलं गेलं. बाटल्यांत नळाचं पाणी भरत होते म्हणून बुरशी झाली, असं बोललं गेलं.

इथं नीट समजून घेऊ. या बुरशीचे कण हवेत, मातीत, कुजलेल्या पाल्यात, उकिरड्यात सगळीकडं असतात. आपण रोज श्वासातून घेतो, काही होत नाही. आजार जडला तो मुख्यतः आटोक्यात नसलेली साखर आणि भरमसाट स्टेरॉइड यामुळं. बाटलीतल्या पाण्याचा वाटा हा संशय होता, तो पक्का सिद्ध झाला नाही. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, मे २०२१ मध्ये जी सूचना काढली तिच्यात साखरेवर आणि स्टेरॉइडवर लक्ष ठेवण्याबरोबर हेही लिहिलं होतं, की ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरमध्ये स्वच्छ, जंतुरहित पाणी वापरा. संशय खरा असो नसो, ही सूचना पाळायला काही खर्च नाही. न पाळण्याची किंमत मात्र मोठी असू शकते.

कुठलं पाणी चालतं, कुठलं नाही

दवाखान्यात जंतुरहित पाणीच हवं. ते बंद बाटलीत येतं, उघडल्याची वेळ लिहून ठेवायची पद्धत आहे. काही ठिकाणी पाणी भरून सीलबंद केलेल्या तयार बाटल्या मिळतात, त्या सगळ्यात सोयीच्या.

घरी पाणी खळखळून उकळा, झाकून गार होऊ द्या, तेच वापरा. किंवा मेडिकलमधून जंतुरहित पाणी आणा. डिस्टिल्ड पाणी चालतं, कारण त्यात क्षार नसतात, पण डिस्टिल्ड म्हणजे आपोआप जंतुरहित नव्हे. उघडून ठेवलेल्या कॅनमध्ये जंतू शिरतातच.

इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी पेट्रोल पंपावर मिळतं ते पाणी वापरू नका. ते बॅटरीसाठी असतं, फुप्फुसासाठी नाही. आपल्या गल्लीत हे करणारे दोन जण मला भेटलेत.

बोअरचं, टँकरचं, नळाचं, जारचं पाणी नको. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. किटलीत पांढरी पापडी धरते, तशी बाटलीतल्या बारीक भोकाच्या टोकावर धरते आणि ऑक्सिजनची वाटच बुजते.

पाण्यात विक्स, कापूर, निलगिरीचं तेल असलं काही घालू नका. ऑक्सिजन आणि तेलकट पदार्थ यांचं जमत नाही, आगीचा धोका असतो. नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलीन, खोबरेल लावू नका. पाण्याचं जेल मिळतं, ते डॉक्टरांना विचारून लावा. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत बिडी, उदबत्ती, देवघरातला दिवा काहीही पेटतं नको. हे तात्यांना पटवायला आम्हाला आठवडा लागला.

बाटली हाताळायची कशी

घरी मशीन असेल आणि डॉक्टरांनी बाटली लावायला सांगितली असेल, तर एवढं पाळा.

१. बाटलीवर खालची आणि वरची अशा दोन रेषा असतात. पाणी त्यांच्या मधेच. जास्त भरलं तर पाणी नळीत चढतं आणि पेशंटच्या नाकात येतं.

२. रोज पाणी पूर्ण बदला. बाटली सौम्य साबणानं धुऊन, स्वच्छ पाण्यानं खळखळून, उलटी ठेवून वाळवा. दोन बाटल्या ठेवल्या तर एक वाळत असताना दुसरी वापरता येते.

३. झाकणाचे आटे नीट बसले पाहिजेत. तिरकं बसलं तर ऑक्सिजन तिथूनच निसटतो. मीटर दोन लिटर दाखवतं, पेशंटला मिळतो कमी.

४. नळी मुडपली तर बऱ्याच बाटल्यांचं झाकण शिट्टी वाजवतं. आत दाबाची झडप असते. शिट्टी ऐकली की घाबरून मशीन बंद करू नका. पेशंटच्या कुशीखाली, खाटेच्या पायाखाली नळी दबली आहे का ते बघा.

५. ऑक्सिजन येतोय का, हे बुडबुड्यांवरून ठरवू नका. बाटली कोरडी असली तरी ऑक्सिजन त्यातून पुढं जातोच. मीटरमधली गोळी कुठं तरंगतेय ते बघा आणि नळीचं टोक गालाजवळ धरून वारा लागतोय का ते बघा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा बघा.

६. प्रवाह स्वतःच्या मनानं वाढवू नका. तात्यांसारख्या, म्हणजे वर्षानुवर्षं धाप असलेल्या पेशंटला डॉक्टर बहुतेक वेळा ८८ ते ९२ टक्क्यांच्या मधे ठेवतात. ९८ करण्याच्या नादात जास्त ऑक्सिजन दिला तर काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, गुंगी येते. "जरा वाढवून बघू" हे इथं चालत नाही.

७. लाइट गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद. भरलेला छोटा सिलिंडर आणि त्याचा मीटर घरात तयार असू द्या.

दवाखान्यात नातेवाइकानं काय करायचं

आपल्याकडं दवाखान्यात माणसं कमी असतात हे खरं. रात्री एका सिस्टरच्या अंगावर वीस-वीस पेशंट असतात. मामा, मावशी एकाच वेळी चार ठिकाणी लागतात. त्यामुळं अर्धं काम नातेवाइकांवर येतं आणि आपणही मदत म्हणून हात घालतो. जेवण भरवणं, कूस बदलणं ही मदत. ऑक्सिजनची बाटली उघडणं ही मदत नाही.

त्याऐवजी भरती झाल्यावर पहिल्याच दिवशी तीन प्रश्न विचारा. आमच्या पेशंटला किती लिटर चालू आहे? एवढ्याला पाण्याची बाटली लागते का? लागत असेल तर पाणी कोण बदलणार आणि कधी? हे तीन प्रश्न विचारले म्हणून कुणी रागावत नाही. उलट विचारणारा नातेवाईक आहे म्हटल्यावर बाटलीकडं लक्ष राहतं. बाटलीत हिरवट झाक दिसली, पाणी गढूळ दिसलं, तर स्वतः काही न करता सिस्टरला दाखवा. शेजारच्या पेशंटची बाटली आपल्याला लावू देऊ नका.

दवाखानेवाल्यांनाही हात जोडून एक सांगणं आहे. ज्यांना गरज नाही त्यांच्या मीटरवरून बाटल्या काढून टाका. "बुडबुडे दिसले की नातेवाईक शांत बसतात" हे कारण एका डॉक्टरांनीच मला हसत हसत सांगितलं. नातेवाइकांना दोन वाक्यांत समजावून सांगितलं तरी ते शांत बसतात. मी बसलो.

तात्या सहा दिवसांनी घरी आले. आता घरी मशीन आहे, दोन लिटरवर चालतं, बाटलीशिवाय. सुरुवातीला येणारे-जाणारे विचारायचे, "अरे, पाणी नाही घातलं होय? बुडबुडे नाहीत, मग चालू आहे का?" तात्या नाकातली नळी काढून समोरच्याच्या गालाला लावतात. म्हणतात, "वारा लागतोय ना? मग झालं तर."